गोठा उरल्यासुरल्या वेळात होत नाही

चि. बाळास अनेक आशीर्वाद,

तू रात्री येतोस तेव्हा माझा डोळा लागलेला असतो आणि मी उठेपर्यंत तुझी लोकल गेलेली असते. म्हणून लिहितोय.

यंदा चर्चच्या फाटकाजवळचा नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, तुझ्याकडे दिलाय, असं आईकडून कळलं. फार आनंद झाला. पण क्वायर, धर्मशिक्षणाचा वर्ग, युवा गटाचा हिशेब आणि पॅरिशची पत्रिका हेही सगळं तुझ्याकडेच आहे. सप्टेंबरात माउंट मेरीच्या जत्रेत स्टॉलवर तू, ऑक्टोबरभर घरोघरच्या जपमाळेला तू. 2 नोव्हेंबरला आजीच्या कबरीवर मेणबत्ती लावलीस ती पुरती पेटायच्या आत मीटिंगला पळालास. हो म्हणणाऱ्याच्याच अंगावर काम येतं. त्यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण तू वाळत चालला आहेस हे मला दिसतं.

माझं सांगणं स्पष्ट आहे. गोठा ठेव आणि बाकीचं निदान नाताळपर्यंत दुसऱ्यांकडे दे.

मी आयुष्यभर नाटकांचे सेट उभे केले. शिवाजी मंदिरात पडदा वर गेला की प्रेक्षकांना दिवाणखाना दिसायचा. त्या भिंतीमागचा टेकू, फ्लॅटच्या, म्हणजे कापड ताणलेल्या चौकटींच्या, जोडावरची कापडी पट्टी, दाराच्या बिजागरीला घातलेलं तेल कुणाला दिसत नसे, आणि दिसू नये यासाठीच आमची सगळी धडपड असे. तेवढं निगुतीनं करायला मोकळं डोकं लागतं. चार मीटिंगांमधून उरलेल्या तासाभरात खिळा ठोकता येतो, पण तो कुठे ठोकायचा हे सुचत नाही.

तुझ्या गोठ्याचंच बघ. बांबूचा सांगाडा आधी जमिनीवर बांधून पाहावा लागतो. गोणपाट रंगवून नीट वाळलं नाही तर डोंगर दोन दिवसांत खाली लोंबतो. हिरवळीसाठी गहू भिजवून 14-15 डिसेंबरला ट्रेमध्ये पेरलेस तर 24 तारखेला हिरवेगार होतील. ऐन वेळी आणलेला हिरवा कागद लांबूनही ओळखू येतो. मूर्ती आत्ताच पेटीतून बाहेर काढ. प्लास्टरच्या मूर्तींची बोटं दरवर्षी मोडतात आणि ती जोडून रंगवायला दिवस जातो. पेंढ्याजवळ हॅलोजन अजिबात नको, एलईडीच घे, आणि वायरचे जोड पेंढ्याखाली दडवू नकोस. चमचमणाऱ्या माळाही मला पसंत नाहीत. गव्हाणीवर एकच पिवळा उजेड पडू दे, म्हणजे बघणाऱ्याची नजर तिथेच जाईल. बाळ येशूच्या दर्शनाला निघालेले तीन ज्ञानी पुरुष पहिल्या दिवशी दूर कोपऱ्यात ठेव आणि रोज थोडे पुढे सरकवत 6 जानेवारीला गव्हाणीपाशी पोचव. मुलं ते बघायला रोज येतात.

संत फ्रान्सिसनं 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी गव्हाणी मांडली, हे तू वर्गातल्या मुलांना शिकवतोस. तिथे मूर्ती नव्हत्या. पेंढा होता, खराखुरा बैल होता आणि खरंखुरं गाढव होतं. त्यानं नाताळच्या सुमारे पंधरा दिवस आधी जोव्हानी नावाच्या गावकऱ्याला बोलावून तयारी सांगून ठेवली होती. त्या रात्रीबद्दल बोलताना सगळे फ्रान्सिसचं नाव घेतात. मला मात्र तो जोव्हानी जवळचा वाटतो. पेंढा त्यानं आणवला असेल, थंडीत जनावरं त्यानंच सांभाळली असतील.

आणि हा देखावा बघणार कोण? आपले लोक मिस्साला आत जातात. फाटकाशी थांबतात ती रस्त्यानं जाणारी माणसं, पोराला खांद्यावर घेतलेले बाप, कामावरून सुटलेल्या बाया. त्यातल्या कितीतरी जणांनी चर्चची पायरी कधी चढलेली नसते. गणपतीत रांगा लावून देखावे पाहिलेली ही मुंबईची नजर आहे, कच्चं काम तिला लगेच कळतं. त्यांच्यासाठी शुभवर्तमान म्हणजे तू मांडलेला तो गोठाच. म्हणून मी त्याला तुझ्या बाकीच्या कामांच्या वर ठेवतो.

तू म्हणशील, सेवा नाकारायची कशी? मार्थेची गोष्ट पुन्हा वाच. लूकच्या शुभवर्तमानात, दहाव्या अध्यायात, घरी आलेल्या येशूच्या पाहुणचारासाठी ती राबत होती, आणि प्रभू तिला पुष्कळ गोष्टींच्या दगदगीबद्दल बोलला. वाढणं बंद कर, असं तो म्हणाला नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानीला पुन्हा जेवण आहे आणि तिथेही मार्था वाढतेच आहे. या वेळी तिला कुणी काही बोलत नाही. मला ती बाई फार आवडते.

रविवारी मिस्सा झाल्यावर फादरांना भेट आणि पत्रिका व हिशेब कुणाकडे सोपवायचा ते ठरव. त्या मुलाला सगळं नीट समजावून दे, नुसती वही हातात देऊ नकोस. फाटकाजवळच्या जागेची लांबी, रुंदी आणि वरच्या पत्र्याची उंची मोजून आण. सांगाडा मी कापून देतो, करवत अजून हातात बसते. आणि त्या दिवशी दुपारी घरी जेवायला ये, आई तुझ्यासाठी थांबते.

तुझे
पप्पा