मुरूम उचलण्याआधी नाल्याचा काठ पाहा

महोदय,

आमच्या कारंजा (घाडगे) तालुक्यात रस्त्याच्या भरावासाठी झुडपी जंगलातला मुरूम उचलणं पुन्हा सुरू झालं आहे. ‘बरडच तर आहे, तिथं काय आहे?’ असं गावातले लोकही म्हणतात. मी निवृत्त वनरक्षक आहे. तिथं काय आहे, ते सांगतो.

पळस-खैराच्या उतारावर, नाल्याच्या काठाला एक कोळी बीळ करून राहतो. बिळावर मातीचं गोल झाकण, एका बाजूनं रेशमाची बिजागरी. झाकण बंद असलं की पायाखाली येऊनही ओळखू येत नाही. काडीनं उचलू गेलं तर आतून ओढ लागते, कारण कोळीण ते पायांनी घट्ट धरून बसलेली असते. ती जाळं विणत नाही. रात्री झाकण किंचित उघडून बसते आणि मुंगळा, भुंगेरा जवळ आला की झडप घालून आत ओढते. मादी बहुधा सारा जन्म त्याच बिळात काढते. पिल्लंही आईपासून फार लांब जात नाहीत. म्हणून एका काठावर दाट वस्ती असते आणि पलीकडच्या टेकाडावर एकही बीळ नसतं. जेसीबीनं तो काठ खरवडला की वस्ती मुळासकट जाते.

ऑस्ट्रेलियात याच कुळातली एक मादी ४३ वर्षं जगली. कोळ्यांच्या अभ्यासक बार्बरा यॉर्क मेन यांनी १९७४ पासून तिच्या बिळाची नोंद ठेवली होती. तीसुद्धा म्हातारपणानं मेली नाही, गांधीलमाशीनं मारली. एवढं आयुष्य असलेला जीव आपण एका दुपारी टिप्परमध्ये भरतो, याचं मला फार वाईट वाटतं.

पूर्व विदर्भातलं झुडपी जंगल हे वनच आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं २२ मे २०२५ रोजी स्पष्ट केलं आहे. तरी खोदकाम थांबत नाही. मुरूम हवाच असेल तर बुलडाण्यात तलावांतला गाळ-मुरूम काढून महामार्गाला वापरला, तसं इथंही करता येईल. पाणलोटाचे चर खोदतानाही आखणीआधी रात्री बॅटरी घेऊन काठ फिरून पाहावा. उघडी झाकणं तेव्हाच दिसतात. वनव्यवस्थापन समितीनं बोलावलं तर जागा दाखवायला मी येईन.

— एक निवृत्त वनरक्षक, ता. कारंजा (घाडगे), जि. वर्धा