वाळूतल्या चांदण्या

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "दिवसभर वाळू बघतेस म्हणजे नक्की काय बघतेस?" आवाज तुटत होता, म्हणून आज बसून लिहितेय.

आई, तू तांदूळ निवडतेस ना, तेच माझं काम. काळ्या ट्रेमध्ये चिमूटभर धुतलेली वाळू पसरायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशच्या टोकानं एकेक दाणा उचलायचा. हे दाणे म्हणजे फोरामिनिफेरा या एकपेशीय जिवांची चुन्याची कवचं. काही भिंगासारखी, काही काटे फुटलेल्या चांदणीसारखी.

2010 मध्ये ऑस्ट्रेलियाजवळच्या ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेच्या बाहेरच्या कडेला, 42 ते 167 मीटर पाण्याखालचा तळ 'ग्रेटशिप माया' या जहाजावरून खोदला होता. त्या खडकातली ही वाळू. चांदणीसारखी बॅक्युलोजिप्सिना उथळ पाण्यातच राहते. भिंगासारख्या ॲम्फिस्टेजिनाच्या अंगात शेवाळ असतं, त्याला ऊन लागतं. जसजसं खोल जावं तसतसं तिचं कवच पातळ, चपटं होत जातं. म्हणजे कवचाच्या जाडीवरून पाण्याची खोली कळते! आज शंभर मीटर खाली असलेल्या प्रवाळात उथळ पाण्यातली कवचं जागच्या जागी मिळाली, की समजायचं, तेव्हा समुद्र तितका खाली होता. साधारण 20,500 वर्षांपूर्वी तर तो सव्वाशे मीटर खाली होता.

कठीण आहे ते 'जागच्या जागी'. लाटा कवचं वरून खाली लोटतात. काटे शाबूत असतील तर ती तिथलीच, झिजले असतील तर वाहून आलेली. गेल्या महिन्यात मी झिजलेलीही मोजून बसले. आठवड्याचं काम पुन्हा केलं, पण आता नजर बसलीय.

गेल्या 30,000 वर्षांत हे प्रवाळ पाच वेळा मेलं. समुद्र ओसरला तेव्हा उघडं पडून, चढला तेव्हा बुडून, शेवटी गाळानं. दर वेळी जागा बदलून पुन्हा उभं राहिलं, पण त्याला शेकडो-हजारो वर्षं मिळाली होती. आताचं पाणी फार भराभर तापतंय. निवडताना तेच मनात येतं आणि हात थांबतो.

डिसेंबरात येताना छोटं सूक्ष्मदर्शक आणतेय. बाबा, तोवर तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं असेल. चिवल्याच्या किनाऱ्यावरून मूठभर वाळू आणून ठेवा. आई, गोड्या पाण्यानं धुऊन सावलीत वाळव, पण चाळू नकोस. बारीक तेच मला हवंय.

तुमची,
मनू