रांगोळीला खोडरबर नसतो

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की आमच्या कन्नमवार नगरात चित्रकला शिबिरांची पत्रकं जिन्याजिन्यात चिकटवलेली दिसतात. वयोगट ठरलेला, ५ ते १५. परवा आमच्या मजल्यावरची एक तिशीतली सून असंच एक पत्रक वाचत उभी होती. म्हणाली, "काकू, मोठ्यांसाठी का नसतं हो असं काही? पण जाऊ दे, मला मेलीला साधा आंबासुद्धा काढता येत नाही." तिचं बोलणं मनातून जाईना म्हणून हे पत्र लिहायला बसले. हेच वाक्य मीही ४६ वर्षं म्हणत आले होते.

आठवीत असताना मी चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेचा फॉर्म भरला होता. वस्तुचित्राच्या सरावाला सरांनी टेबलावर तांब्या-भांडं मांडलं. माझा तांब्या एका अंगाला कलला. सरांनी तो वर्गाला उंच धरून दाखवला, मुली हसल्या, आणि मग त्यांनी स्वतःच्या हाताने कागद काळा पडेपर्यंत तो खोडला. परीक्षेला मी गेलेच नाही.

पुढे एका सरकारी कचेरीत लिपिक-टंकलेखक म्हणून ३३ वर्षं काढली. टाइपरायटरच्या दिवसांत एक आकडा चुकला तर कार्बनच्या प्रतींसकट अख्खं पान पुन्हा करावं लागे. चूक होऊच द्यायची नाही, हे हातात इतकं मुरलं की साध्या कोऱ्या कागदासमोरही बोटं आखडायची. रोज सीएसएमटीला उतरायचे. तिथून थोडं चाललं की जे. जे. स्कूल ऑफ आर्ट, १८५७ सालापासूनचं. क्रॉफर्ड मार्केटला जाताना त्या फाटकावरून किती वेळा गेले असेन, पण आत डोकावायचा धीर झाला नाही.

निवृत्त झाल्यावर वर्षभरातच ह्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दवाखान्यातल्या दुपारी सरता सरत नसत. पर्समध्ये बॉलपेन होतं आणि औषधांच्या बिलाची मागची बाजू कोरी होती. पाठकोरा कागद वाया घालवायचा नाही, ही कचेरीतली सवय. समोर कॉटखाली ह्यांच्या चपला होत्या, त्याच काढायला घेतल्या. पेनाने काढत असल्यामुळे खोडायची सोयच नव्हती. रेघ चुकली की शेजारी दुसरी मारायची, एवढंच. पाऊण तास कसा गेला कळलं नाही. काढता काढता लक्षात आलं, की उजव्या चपलेची टाच बाहेरच्या बाजूने झिजून पार पातळ झाली आहे आणि डावी बऱ्यापैकी शाबूत आहे. म्हणजे हा माणूस कितीतरी वर्षं दुखरा पाय तिरका टाकत चालत होता, आणि त्याच चपला मी रोज दारात उचलून सरळ करत होते. लादी पुसायला आलेल्या मावशी कागदावर वाकल्या आणि म्हणाल्या, "बाबांच्या चपला ना? उजवी झिजलीय बघा." कॉटखाली त्यांनी पाहिलंही नव्हतं. कागदावरूनच त्यांनी ते ओळखलं. आठवीतल्या त्या तांब्याचं ओझं त्या दिवशी माझ्या मनावरून उतरलं.

तेव्हापासून रोज काही ना काही काढते. कोणी शिकवलं नाही, पण एक गोष्ट मला आधीपासून येत होती आणि तेच माझ्या ध्यानात आलं नव्हतं. लहानपणापासून मी उंबऱ्यापुढे ठिपक्यांची रांगोळी काढते. चिमूट सैल सुटून रेघ जाड झाली म्हणून कोणी रांगोळी अर्धी टाकून उठत नाही. तिला खोडरबर नसतो. आधी ठिपके मांडायचे, मग जोडायचे. कुकर काढतानाही मी तेच करते. शिट्टीचं टोक, दांड्याचं टोक, तळाच्या दोन कडा, एवढे ठिपके आधी देते. अंतराचा अंदाज घेताना हात ताठ धरून, एक डोळा मिटून पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेते: उंची रुंदीच्या किती पट? मग रेघा आपसूक जागेवर येतात. एचबी पेन्सिल फिकी उठते आणि मग आपण ती दाबत बसतो. त्यापेक्षा मऊ आणि गडद अशी २बी घ्यावी, हात हलका राहतो.

सगळ्यात जास्त मला पिठाच्या डब्याने छळलं. महिनाभर मी त्याचा तळ सरळ रेघेने काढत होते, कारण डबा ओट्यावर सपाट बसतो हे मला ठाऊक होतं. चित्रात तो डबा कापून चिकटवल्यासारखा दिसे. एक दिवस ठाऊक असलेलं बाजूला ठेवून नुसतं बघत राहिले. वरून पाहताना डब्याचं तोंड चपटं, लांबट गोल दिसतं आणि तळाची कड त्याहून जास्त वाकलेली दिसते, कारण तळ नजरेच्या आणखी खाली असतो. तोच डबा फळीवर, तोंड नजरेच्या पातळीला येईल असा ठेवला, तर तोंडाची नुसती आडवी रेघ उरते. स्टीलचा पेला हातात घेऊन वरखाली करून बघा, लगेच पटेल. आठवीत तो तांब्या खोडण्याऐवजी कोणी मला एवढं दोन मिनिटांत दाखवलं असतं तर!

माणसं काढायला लोकलच्या बायकांच्या डब्यासारखी जागा नाही. दुपारच्या स्लो गाडीत डुलकी काढणारी बाई घाटकोपर ते दादर तशीच असते. आधी मानेपासून कमरेपर्यंत पाठीचा बाक, मग कोपर आणि कंबर यांच्यामधली रिकामी तिकोनी फट. फट नीट आली की हात नीट येतो. चेहऱ्याच्या मागे लागू नये. गाडीच्या धक्क्याने रेघ थरथरते, ती तशीच राहू द्यावी. मटार सोलणाऱ्या एका बाईंच्या लक्षात आलं तेव्हा मी घाबरले होते, पण त्यांनी पान मागून घेतलं आणि घडी न घालता पिशवीत ठेवलं.

रोजची माणसं, रोजच्या वस्तू हा काही कमी दर्जाचा विषय नव्हे. कोल्हापूरहून १८९० साली जे. जे.मध्ये शिकायला आलेल्या महादेव विश्वनाथ धुरंधरांनी मोठी पौराणिक चित्रं केली, आणि याच मुंबईतली रस्त्यावरची साधी माणसंही काढली. ती पोस्टकार्डांवर छापून घरोघर गेली.

आमच्या मजल्यावरच्या त्या सुनेला मी एवढंच सांगितलं, की एकच वस्तू घे, पंधरा दिवस तीच काढ, कोपऱ्यात तारीख घाल आणि एकही कागद फाडू नकोस. तिने मिक्सरचं भांडं घेतलं आहे. आज नववा दिवस. तिसऱ्या दिवशी "जमत नाही" म्हणून रडकुंडीला आली होती, काल रात्री साडेदहाला दार वाजवून कागद दाखवायला आली.

आता आपल्याला विनंती. रविवारच्या पुरवणीत मुलांसाठी 'चित्र रंगवा' म्हणून आयतं चित्र असतं. त्याच्या शेजारी मोठ्यांसाठीही चार बोटं जागा द्यावी. दर आठवड्याला घरातली एक वस्तू सांगावी: किल्ल्यांचा जुडगा, अर्धा कापलेला कांदा, दाराशी सोडलेल्या चपला. वाचकांनी पाठवलेल्यांपैकी दोन-तीन चित्रं चुकलेल्या रेघांसकट छापावीत. बक्षीस नको, क्रमांक तर अजिबात नको. कलाशिक्षकांनाही कळकळीने सांगते, मुलांचं चित्र स्वतःच्या हाताने खोडू नका. हवं तर शेजारी काढून दाखवा.

सोबत चपलांच्या चित्राची झेरॉक्स जोडली आहे. मूळ कागद मात्र मी माझ्याजवळच ठेवला आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, कन्नमवार नगर, विक्रोळी (पूर्व), मुंबई