माझी लेक भारतीय नाही, तर मग कोण आहे? केंद्रीय गृहमंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय गृहमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून थेट मुद्द्यावर येते. गेल्या महिन्यात माझ्या सासूबाई केनियात, नैरोबीतल्या ईस्टली भागात वारल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, कोंढव्यातल्या आमच्या घरात बसून मोबाइलवर आईचं दफन बघत होता. एकदा भारताबाहेर पडला तर त्याला परत येता येणार नाही, म्हणून तो जाऊ शकला नाही. निदान नातीने तरी आजीला डोळे भरून बघावं, यासाठी सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हाच आम्ही तिच्या पासपोर्टसाठी अर्ज केला होता. त्या गेल्या आणि आठवड्याभरात उत्तर आलं: मुलीचं भारतीय नागरिकत्व सिद्ध होत नाही.

मी मराठी आहे. माझं माहेर छत्रपती संभाजीनगरचं, सात पिढ्यांचं. लेक पुण्यात जन्मली, तिचा जन्मदाखला महापालिकेचा आहे, ती मराठी शाळेत नववीत शिकते. मग सिद्ध काय व्हायचं राहिलं? काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, "मॅडम, वडिलांचं बघा." वकिलाकडे गेले तेव्हा अर्थ कळला. 3 डिसेंबर 2004 नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आईवडील दोघे भारतीय हवेत. एकच भारतीय असेल, तर दुसरा मुलाच्या जन्माच्या वेळी 'बेकायदा स्थलांतरित' असता कामा नये. लेक जुलै 2011 मध्ये झाली. तेव्हा माझ्या नवऱ्याकडे दिल्लीच्या संयुक्त राष्ट्रसंघ निर्वासित उच्चायुक्तालयाचं कार्ड होतं, पण व्हिसा संपलेला होता. म्हणजे आईचं नागरिकत्व माझ्या पोटच्या पोरीला पुरलं नाही. मंत्रिमहोदय, नऊ महिने मी वाढवलेल्या जिवात माझा देश उतरला नाही असं तुमचा कायदा सांगतो, आणि ते मी निमूटपणे मान्य करावं अशी अपेक्षा आहे.

व्हिसा का संपला, ते ऐका. फायलीत ते एका ओळीत लिहिलंय, माझ्या नवऱ्याचं मात्र सगळं आयुष्य त्यात गेलं.

तो सोमालियाची राजधानी मोगादिशूचा. डिसेंबर 1990 च्या अखेरीस शहरात लढाई पेटली तेव्हा सहा वर्षांचा होता. 27 जानेवारी 1991 पर्यंत हुकूमशहा सियाद बारे पळून गेला होता, आणि त्याच्या जागी सरकार म्हणून काहीच उरलं नव्हतं. बारेविरुद्ध एकत्र लढलेले गट आता कुळाकुळांवरून एकमेकांच्या जिवावर उठले. सासरे बंदरात कारकून होते. लढाईच्या पहिल्याच आठवड्यात कामावर गेले ते परतले नाहीत. सासूबाई तीन मुलांना घेऊन दक्षिणेच्या किस्मायो बंदरापर्यंत ट्रकने आल्या, तिथून अफमादो, आणि मग सीमेपर्यंत पायी. धाकटा तीन वर्षांचा होता. अफमादो सोडल्यावर दोन दिवसांनी तो जुलाबाने गेला. त्याला रस्त्याकडेला पुरून सासूबाई पुढे निघाल्या, कारण उरलेल्या दोघांना पाणी हवं होतं. लिबोईला त्यांनी केनियाची हद्द ओलांडली आणि दादाबच्या इफो निर्वासित छावणीत पोचल्या. ती छावणी नुकतीच उभी राहत होती. दादाबच्या तिन्ही छावण्या मिळून नव्वद हजार माणसांसाठी आखल्या होत्या. वीस वर्षांनी, 2011 च्या दुष्काळात, तिथे साडेचार लाखांहून जास्त माणसं होती. रोज हजारावर नवी येत होती.

नवरा तिथेच वाढला. रेशनकार्डावर मका, पीठ, तेल. सरपणाला रानात गेलेल्या बायकांवर डाकू अत्याचार करायचे, म्हणून तो आणि त्याची बहीण पहाटे आईबरोबर जायचे. छावणीबाहेर जायचं तर परवानगी लागे, काम करायला बंदी होती. तरी तो शिकला. अमेरिकेत मिनियापोलिसला पोचलेल्या मामाने हवालाने पैसे पाठवले, आणि 2006 मध्ये विद्यार्थी व्हिसावर तो पुण्याला बी.कॉम.ला आला. पुण्यात सोमाली मुलं शिकायला येतात, हे इथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत आहे.

तो इथे शिकत असताना इथिओपियाचं सैन्य मोगादिशूत शिरलं होतं. शहर पुन्हा ओस पडलं, लाखो लोक शहराबाहेर अफगोयेच्या रस्त्यावर झोपड्या बांधून राहिले. जानेवारी 2007 मध्ये केनियाने सोमालियाची सीमा बंद केली. ऑगस्ट 2008 मध्ये किस्मायो अल-शबाब या अतिरेकी संघटनेच्या हाती गेलं. 2009 मध्ये पदवी हातात आली आणि व्हिसा संपला. त्याने कुठे जायचं होतं, तुम्हीच सांगा. मोगादिशूला जाऊन चोवीस वर्षांच्या धडधाकट तरुणाने कोणाची बंदूक खांद्यावर घ्यायची होती?

तो दिल्लीला गेला, मुलाखती दिल्या, निर्वासित म्हणून मान्यता मिळवली. 2010 मध्ये आमचं लग्न झालं. लेक पाच महिन्यांची असताना, 29 डिसेंबर 2011 ला, तुमच्याच मंत्रालयाने कार्यपद्धती ठरवली की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व अशा कारणांनी छळाची साधार भीती असलेल्या परदेशी माणसाला दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळेल, खासगी नोकरी करता येईल, शिकता येईल. आम्ही पेढे वाटले. तो व्हिसा त्याला मिळालाही. पुढे नूतनीकरणाचा अर्ज एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात जात राहिला आणि उत्तर कोणीच दिलं नाही. 'अर्ज प्रलंबित' असा कागद कंपनीला चालत नाही, बँकेला चालत नाही. हिशेबात पक्का असलेला, सहा भाषा बोलणारा माझा नवरा आज एका गोदामात रोजंदारीवर खोकी मोजतो. घर मी चालवते. घरमालक परदेशी भाडेकरूची सरकारला कळवायची नोंद भरायला घाबरतात, म्हणून पंधरा वर्षांत किती घरं बदलली त्याचा हिशेब मी ठेवला नाही. रस्त्यावर त्याला काय काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. मार्च 2024 मध्ये आपल्या नौदलाने पस्तीस सोमाली चाच्यांना मुंबईत आणलं, आणि त्यानंतर लेकीला वर्गात 'चाच्याची मुलगी' म्हणून चिडवलं. नौदलाचा मला अभिमान आहे. पण ज्या बंदुकांपासून माझा नवरा सहाव्या वर्षी पळाला, त्याच बंदुकांचं पाप त्याच्या मुलीच्या माथी का?

बायकोच्या नात्याने नागरिकत्व मागा, असं लोक सुचवतात. भारतीय माणसाशी लग्न झालेल्याला सात वर्षं इथे राहिल्यावर नोंदणी करता येते, खरं आहे. पण त्याच कलमाच्या सुरुवातीला लिहिलंय, 'बेकायदा स्थलांतरित' नसेल तर. मुदत संपून राहिला म्हणून तो बेकायदा, आणि बेकायदा म्हणून कुठलाच कायदेशीर मार्ग त्याला मोकळा नाही. परदेशी लोकांसाठीच्या 2025 च्या नव्या कायद्यात मुदतीबाहेर राहण्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातून 31 डिसेंबर 2024 पर्यंत आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी, ख्रिश्चन लोकांना त्यातून सूट दिलीत. ती माणसंही जीव वाचवून आली, त्यांना सूट मिळाली ते चांगलंच झालं. मग मोगादिशूच्या गोळ्यांतून वाचलेल्या माणसाचा धर्म का तपासता?

या देशाने निर्वासितांसाठी कायदाच केलेला नाही. 1951 च्या जागतिक करारावर आपली सही नाही. कोणाला ठेवायचं, कोणाला हाकलायचं हे अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालतं. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका श्रीलंकन तमिळ माणसाच्या प्रकरणात 'भारत ही धर्मशाळा नाही' असे उद्गार निघाले. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला जाऊन या एकदा. 1943 ते 1948 या काळात तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहिले. त्यांना शाळा होत्या, चर्च होतं. आपण स्वतः गुलाम होतो, बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती, तरी कोल्हापूरच्या मातीत त्यांना जागा झाली. आज आपण जगातली मोठी अर्थव्यवस्था म्हणवतो आणि एका पुणेकर मुलीला जागा नाही? 1993-94 मध्ये भारताची एक अख्खी ब्रिगेड शांतिसेना म्हणून सोमालियात होती, किस्मायो-बैदोआ भागात आपल्या जवानांनी विहिरी खोदल्या, जीवही दिला. तिथे जाऊन सोमाली माणूस वाचवायचा, आणि तो आपल्या दारी आला तर गुन्हेगार ठरवायचा, हे कुठलं धोरण?

तुम्ही एकटेच असे नाही, हेही मला कळतं. माझी नणंद इफोत मोठी झाली, इफोतच तिची मुलं झाली. तिच्या कुटुंबाच्या मुलाखती, तपासण्या सगळं होऊन अमेरिकेची तिकिटं आली होती, फेब्रुवारी 2025 ची. 20 जानेवारीला तिथल्या नव्या अध्यक्षांनी निर्वासितांचा कार्यक्रमच थांबवला. जूनमध्ये सोमालियावर प्रवेशबंदी आली. तिने सामान वाटून टाकलं होतं, झोपडी दुसऱ्याला दिली होती. जगभरातल्या सरकारांनी मिळून या माणसांना सांगून ठेवलंय की युद्ध तुमचं, दुष्काळ तुमचा, तुम्हीच भोगा. त्या युद्धाआधीच्या वर्षांत बारेला पहिल्यांदा सोव्हिएत शस्त्रं मिळाली, मग अमेरिकेची मदत, हे मात्र कोणी आठवत नाही.

माझी मागणी मोठ्या धोरणाची वाट बघणारी नाही. नागरिकत्व कायद्याच्या कलम 5(4) नुसार विशेष परिस्थितीत कोणत्याही अल्पवयीन मुलाची भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. लेक अठरा वर्षांची होईपर्यंतच तो वापरता येईल. अर्ज मी या पत्रासोबत रीतसर पाठवला आहे. आजीला ती भेटू शकली नाही, ते आता कुठल्याच सहीने भरून येणार नाही. पण पुढच्या वर्षी ती दहावीला बसेल, मग प्रवेशाच्या फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना येईल, आणि तिथे तिने काय लिहायचं ते तुम्हाला ठरवावं लागेल. होय किंवा नाही, मला लेखी उत्तर हवं आहे. 'प्रलंबित' हा शब्द या घरात आता कोणी ऐकून घेणार नाही. नवऱ्याच्या व्हिसाचा निर्णयही त्याच पत्रात द्या.

एक भारतीय नागरिक,
कोंढवा, पुणे