उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी आभार

कोथरूड, पुणे

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

आभार मानायला सुरुवात केली की आपण विषय बदलता आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात निघून जाता, हे गेल्या चौदा महिन्यांत मला पुरते कळले आहे. म्हणून जे समोर बसून बोलता आले नाही ते असे उघडपणे लिहीत आहे. आपले नाव कुठेही येऊ नये, ही आपली अट मी पाळते आहे.

गेल्या शनिवारी आपल्या दिवाणखान्यात मी ‘कोर्कोवादो’ सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मध्ये न थांबता, गात आणि वाजवत पूर्ण केले. ब्राझीलचे संगीतकार आंतोनियो कार्लोस जोबिम यांचे १९६० मधले, बोसा नोव्हा या तिथल्या हळुवार शैलीतले हे गाणे ऐकायला इतके सोपे आहे की त्यामागे चौदा महिने लागले, हे घरच्यांनाही खरे वाटत नाही. आपल्याला मात्र त्यातला प्रत्येक शनिवार ठाऊक आहे.

आपल्याकडे येण्याआधी मी शहरातल्या एका गिटार क्लासमध्ये सहा महिने जात होते. तिथे हातात पिक (तारा छेडायची छोटी चकती) दिले गेले, स्टीलच्या तारांची गिटार विकत घ्यायला सांगितले गेले आणि सगळी गाणी एकाच तऱ्हेच्या वरखाली स्ट्रमिंगवर (सगळ्या तारांवरून हात फिरवण्यावर) बसवली गेली. १९६४ साली आलेल्या अमेरिकन सॅक्सोफोनवादक स्टॅन गेट्झ आणि ब्राझीलचे गायक-गिटारवादक जुआंव जिल्बेर्तो यांच्या ध्वनिमुद्रिकेवर मी ‘कोर्कोवादो’ ऐकले होते. आस्त्रूद जिल्बेर्तो त्यात आधी इंग्रजीत गातात, मागाहून जुआंव पोर्तुगीजमध्ये गातात आणि सबंध वेळ ती गिटार कुणी शेजारी बसून हळू बोलत असल्यासारखी चालू राहते. हे शिकायचे आहे असे मी सांगितले तेव्हा, हा प्रकार हौशी लोकांसाठी नाही आणि माझ्या वयात तो नाद सोडलेला बरा, असे उत्तर मिळाले. ते मी खरे मानले होते आणि गिटार कपाटावर ठेवून दिली होती. एका परिचितांनी आपले नाव सुचवले नसते तर ती आजही तिथेच असती.

पहिल्या शनिवारी आपण माझ्या हातातले पिक काढून घेतलेत आणि टेबलाच्या खणात ठेवलेत. ते अजूनही तिथेच असावे. नंतर आपली स्वतःची नायलॉनच्या तारांची गिटार माझ्या मांडीवर दिलीत आणि सांगितलेत की डावा हात गुडघ्यावर ठेव, तीन आठवडे त्याचे काही काम नाही. फक्त उजवा अंगठा, फक्त सहावी तार, मिनिटाला ५० ठोके. मी त्या दिवशी मनातून हिरमुसले होते हे आज कबूल करते. वनाझहून पुणे स्टेशनपर्यंतच्या मेट्रोच्या प्रवासात गिटारची पिशवी उभी धरून मी तिच्यावर अंगठा आपटत राहायचे आणि हे गाण्यापर्यंत कधी पोहोचणार, असा विचार करायचे. गुरूने शिष्याचा अंगठा मागून घेतल्याची गोष्ट आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो आहोत. माझ्या बाबतीत तिच्या उलटे घडले. पन्नाशीला आलेल्या माझ्या हातात स्वतंत्रपणे चालणारा अंगठा नव्हताच, तो आपण घडवलात.

चौथ्या आठवड्यात बोटे आली आणि सगळे विस्कटले. तर्जनी, मध्यमा आणि अनामिका यांनी चौथी, तिसरी आणि दुसरी तार एकाच क्षणी छेडायची, तीही अंगठ्याच्या ठोक्यांमधल्या आडवळणाच्या जागी, हे माझ्याकडून होईना. बोटे हलली की अंगठा त्यांच्या मागे धावत जाई. दोन शनिवार असे गेल्यावर आपण विचारलेत, “तुला कोणता ताल हातावर धरता येतो?” माझी आई घरी गाणे शिकवत असे, त्यामुळे १६ मात्रांचा तीनताल मला झोपेतही धरता येतो. मी टाळी आणि काल (टाळी न वाजवता हात बाजूला नेण्याची जागा) देऊन दाखवू लागले. दोन आवर्तने आपण नुसते पाहत राहिलात आणि मग विजेच्या जुन्या बिलाच्या पाठीवर १ ते १६ आकडे एका ओळीत लिहिलेत. १, ५, ९ आणि १३ भोवती वर्तुळे काढलीत आणि म्हणालात, हा तुझा अंगठा. मग १, ४, ७, ११ आणि १४ यांच्यावर फुल्या मारल्यात आणि म्हणालात, ही बोटे.

तो कागद मी जपून ठेवला आहे, कारण इतके दिवस जे कोडे होते ते त्या एका ओळीत सुटले. अंगठा म्हणजे सम (पहिली मात्रा), दुसरी टाळी, काल आणि तिसरी टाळी. लहानपणापासून माझ्या तळहाताला पाठ असलेल्याच जागा. बोटांचे आघात तीन, तीन, चार, तीन, तीन अशा अंतरांनी पडतात आणि सगळ्या १६ मात्रांत अंगठ्याला फक्त समेवर भेटतात. चौथ्या मात्रेवरचा आघात दुसऱ्या टाळीच्या अगदी एक मात्रा आधी येतो, चौदाव्यावरचा तिसऱ्या टाळीनंतर एक मात्रा उशिरा येतो, आणि कालावर तर बोटे गप्पच असतात. आधी मी डाव्या हाताने टाळी धरून उजव्या हाताने मांडीवर फुल्या वाजवल्या, मग हात बदलले, मग तारांवर आले. ज्या कुणाला या ठिकाणी अडकल्यासारखे होत असेल आणि ज्याच्या कानात तीनताल असेल, त्याने हे जरूर करून पाहावे; हे पत्र खुले ठेवण्याचे ते एक कारण आहे. मात्र आपण लगेच दिलेली ताकीदही इथे लिहिली पाहिजे. या पाच फुल्या म्हणजे जिल्बेर्तोंचे वादन नव्हे, ते तर ओळीच्या गरजेप्रमाणे आघातांच्या जागा सतत बदलत असतात. फुल्या फक्त हाताला वाट सापडावी म्हणून, आणि गाणे सुरू झाले की कागद उलटा घालायचा.

यानंतरची अडचण माझ्या संस्कारांचीच होती आणि ती सोडवायला सर्वांत जास्त वेळ लागला. समेवर वजन द्यायचे हे माझ्या अंगात भिनलेले आहे. आमच्याकडे सम आली की मान हलते, श्रोत्यांचे हात उठतात. आपण सांगितलेत की सांबा या ब्राझीलच्या नृत्यसंगीताच्या दोन ठोक्यांच्या चालीत सुर्दू नावाच्या मोठ्या ढोलाचा भार दुसऱ्या ठोक्यावर असतो आणि बोसा नोव्हातला अंगठा म्हणजे त्या ढोलाची कुजबुज. म्हणजे माझ्या १६ मात्रांत वजन ५ वर आणि १३ वर, आणि सम मात्र हलकी, जवळजवळ स्पर्श केल्यासारखी. कितीदा सांगूनही माझा अंगठा १ वर जोरात पडे. आपण एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी आपण माझ्यासमोर खुर्चीत बसून दर पहिल्या ठोक्याला श्वास आत घ्यायला आणि दुसऱ्याला सोडायला लावलेत, आणि त्या दिवशी पहिल्यांदा गिटार पाऊल ओढत न चालता डोलत चालू लागली. हा बदल कानाला किती मोठा असतो हे शब्दांत सांगणे मला जमत नाही.

सरावासाठी जागा नाही, असे मी एकदा म्हणाले होते. आमच्या इमारतीत भिंती पातळ आहेत आणि रात्री नऊनंतर आवाज करणे मला आवडत नाही. त्यावर आपण सांगितले की १९५०च्या दशकाच्या मध्याला ब्राझीलमधल्या दियामांतिना या गावी बहिणीच्या घरी राहत असताना जुआंव जिल्बेर्तो तासन्‌तास स्नानगृहात बसून वाजवत असत, कारण फरशीच्या त्या खोलीत हलक्यात हलका स्वरही परत कानावर येई. त्यांची ती नवी चाल जुलै १९५८ मध्ये रिओ दी जानेरोत ध्वनिमुद्रित झालेल्या ‘शेगा दे साउदादे’ या जेमतेम दोन मिनिटांच्या गाण्यातून लोकांपर्यंत पोहोचली. बोसा नोव्हाची मंडळी जमत तीही रिओतल्या कोपाकबानाच्या किनाऱ्यावरच्या सदनिकांमध्ये. त्या रात्री मी प्लास्टिकचे स्टूल न्हाणीघरात ठेवले आणि दार लावून घेतले. आपले म्हणणे तंतोतंत खरे निघाले. तिथे हलके वाजवले तरच स्वर स्पष्ट येतात, जोर केला की नुसता घुमारा उठतो. माझ्या हाताला हलकेपणा लागला तो त्या चार फुटांच्या जागेत.

डाव्या हाताबद्दल थोडेच लिहिते, कारण तिथे आपण मला फारसे काही शिकवले नाहीत. फक्त पाहायला लावलेत. ए मायनर सिक्स्थ, जी शार्प डिमिनिश्ड, जी मायनर सेव्हन्थ, अशी या गाण्याची सुरुवात. मी प्रत्येक कॉर्डला (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गटाला) पूर्ण हात उचलून नव्याने धरत असे. आपण विचारलेत की दुसऱ्या कॉर्डवरून तिसऱ्यावर जाताना किती स्वर खरोखर बदलतात ते मोज. मोजले तर दोनच. सहाव्या तारेवरचा स्वर आणि तिसऱ्या तारेवरचा स्वर एकेक पडदा खाली सरकतात आणि चौथ्या व दुसऱ्या तारेवरचे स्वर जागेवरच राहतात. खालचा स्वर पाचव्या पडद्यावरून चौथ्यावर, चौथ्यावरून तिसऱ्यावर, पायऱ्या उतरल्यासारखा उतरत जातो आणि वरचे स्वर जेमतेम कूस बदलतात. ज्यांना मी अवघड कॉर्ड समजून घाबरत होते त्यांना मी त्या दिवसापासून चार गाणारे आवाज म्हणून ऐकू लागले.

आणि शब्द. पणजीत पोर्तुगीज माध्यमातून झालेले आपले शालेय शिक्षण असे साठ वर्षांनंतर कोथरूडच्या एका बँक कर्मचारी बाईच्या कामी येईल, असे आपल्यालाही वाटले नसेल. आपण मला ओळ न् ओळ मराठीत समजावून दिलीत: एक कोपरा, एक गिटार, जवळचे माणूस, आणि खिडकीतून दिसणारा तो डोंगर. कोर्कोवादो म्हणजे कुबड असलेला, आणि त्याच डोंगरावर १९३१ साली पूर्ण झालेला तो हात पसरलेला प्रचंड ख्रिस्त उभा आहे, हे मला आपल्याकडूनच कळले. आपला उच्चार लिस्बनच्या वळणाचा आणि गाणे रिओचे, म्हणून आपण स्वतः ध्वनिमुद्रण पुन्हा पुन्हा ऐकून आधी स्वतःची जीभ बदललीत. सुख या अर्थाचा जो शब्द शेवटी येतो तो आपल्या शाळेत ‘फेलिसिदाद’ होता, रिओत तो ‘फेलिसिदाजी’ होतो. गिटारला आपल्या घरी ‘व्हियोला’ म्हणत, गाण्यात ती ‘व्हियोलांव’ आहे. ऐंशीच्या घरातला माणूस विद्यार्थिनीसाठी आपली शाळेतली भाषा नव्याने शिकतो, हे मी कधीही विसरणार नाही.

गाताना माझ्याकडून मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणे) जायची, स्वर लांबवताना कंप यायचा. आपण म्हणालात की आईने दिलेला गळा उत्तम आहे, तो टाकून देऊ नकोस; या गाण्यापुरते फक्त असे समज की ऐकणारा हाताच्या अंतरावर आहे आणि खोलीत कुणीतरी झोपले आहे. पुढच्याच कडव्यात आवाज खाली आला. आईच्या शिकवणीचा मान राखून मला दुसरी वाट दाखवलीत, याबद्दल मला वेगळे आभार मानायचे आहेत, कारण तिथे एखादा कठोर शब्द आला असता तर मी गाणे सोडून नुसतेच वाजवत बसले असते.

शुल्काचा विषय मी तीनदा काढला आणि तीनही वेळा आपण तो मिटवलात. कयानी बेकरीची श्रूजबरी बिस्किटे तेवढी आपण घेतलीत, तीही अर्धी मला चहाबरोबर परत खायला घातलीत. या हिशेबात मी फार मागे आहे आणि तसेच राहणार, हे मी आता मान्य केले आहे.

शनिवारी गाणे संपल्यावर आपण काही बोलला नाहीत. खुर्चीच्या हातावर आपला अंगठा मात्र तसाच चालू होता, दुसऱ्या ठोक्याला किंचित जड. मी ते पाहिले आणि गाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू केले, आणि दुसऱ्या वेळी आपण पोर्तुगीज शब्द हलकेच माझ्याबरोबर म्हणालात.

माझी स्वतःची नायलॉनच्या तारांची गिटार आता आली आहे. आपली गिटार येत्या शनिवारी घेऊन येते. पावसाळ्यात सहावी तार मंद वाजू लागली होती, म्हणून ती बदलली आहे. नवी आहे, त्यामुळे दोन-चार दिवस सूर उतरत राहील, रोज एकदा लावून घ्यावी लागेल.

आपली,
दर शनिवारी कोथरूडहून येणारी विद्यार्थिनी