माळावरचे वनपाल काका

संपादक साहेब, नान्नजच्या माळढोक पक्षी अभयारण्याच्या बातम्या येतात पण तिथं राबणाऱ्यांवर कोणी लिहीत नाही. आमच्या गल्लीत एक रिटायर वनपाल आहेत, ख्रिश्चन, आता रविवारचं चर्च चुकवत नाहीत पण सर्व्हिसमध्ये असताना उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवायला गवत काढून मोकळे केलेले पट्टे) काढायच्या दिवसांत प्रार्थना माळावरच व्हायची, बायबल गाडीच्या डिकीत. अभयारण्य 1979 चं, माळढोकाला दाट झाडी नको, उघडं गवत लागतं हे ते मेंढपाळांसोबत बसून समजवायचे, दंडाचं पावतीपुस्तक नंतर. घरी आले की पोरींचा अभ्यास, आणि नाताळला अख्ख्या गल्लीला करंज्या (काकूंच्या हातच्या, विषयच नाही!). वनखात्यानं नव्या गार्डांना अशांसोबत एक दिवस माळावर पाठवावं, काय बिघडतंय?

एक वाचक, सोलापूर