दादा, तो कीबोर्ड माझ्याकडे सरकवल्याबद्दल

दादा, सप्रेम नमस्कार.

पत्रात नाव घालायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं दादा. चार महिने झाले, आज लिहीन उद्या लिहीन म्हणते आणि राहून जातं. काल सकाळी दूध चालू असताना दोनदा लाइट गेली. दोन्ही वेळा इन्व्हर्टरवर जाताना संगणक बसला, आपला आपण उठला, आणि रांगेतल्या कुणाला कळलंसुद्धा नाही. माझे मात्र डोळे भरून आले. आज लिहायलाच बसले.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. निपाणीच्या आसपासच्या १४ दूध संकलन केंद्रांचे संगणक मी बघते. प्रत्येक केंद्रात एक छोटा संगणक, त्याला काटा, फॅट मशीन आणि स्लिपचा प्रिंटर जोडलेला. आत तीन प्रोग्रॅम. एक काट्याचे आणि फॅटचे आकडे घेतो, दुसरा दराचा तक्ता लावून हिशेब करतो, तिसरा सगळं वरच्या डेअरीला पाठवतो. तिघं एकमेकांशी आरपीसीने बोलतात, म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅममधलं काम आपल्याच घरातलं असल्यासारखं सांगायचं आणि उत्तर घ्यायचं. दादा ज्या लायब्ररीचं, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्रॅममध्ये घेता येईल अशा तयार कोडचं, काम नोकरी सांभाळून रात्री करतात, तीच मी त्यासाठी घेतली होती. तिला तेव्हा फक्त टीसीपी, म्हणजे नेटवर्कवरून बोलायची रीत, यायचं. एकाच डब्यातले तीन प्रोग्रॅम, पण बोलणं नेटवर्कच्या वाटेनं, पोर्ट ४५००० वर. पोर्ट म्हणजे प्रोग्रॅमच्या दारावरचा नंबर.

आठ-दहा दिवसांतून कुठल्या तरी एका केंद्रात हिशेबाचा प्रोग्रॅम उठायचाच नाही. पत्ता आधीच वापरात आहे, एवढंच सांगायचा. संगणक बंद करून चालू केला की सुरळीत. पण तोवर पंधरा-वीस मिनिटं जायची, तीही पहाटे साडेपाचच्या रांगेत. ऑपरेटर वहीत लिहून घ्यायचा, आणि वहीतलं सगळंच नंतर खात्यावर चढायचं असं नाही. एक आज्जी आहेत, दारात एकच म्हैस, वेळेला दोन-अडीच लिटर दूध घालतात. दहा दिवसांच्या बिलात त्यांचं दोन वेळचं दूध कमी आलं. त्या भांडल्या नाहीत. पदराची गाठ सोडली, सगळ्या स्लिपा काढल्या, एकेक बोटानं सरळ करून माझ्यापुढं ओळीनं मांडली आणि म्हणाल्या, "बाई, ह्यात मंगळवार दाव मला." मंगळवार त्यात नव्हता. तिकडं वहीतही नव्हता.

यासाठी मी कुणाकुणाचे पाय धरले ते सांगितल्याशिवाय तुमचं मोल कळायचं नाही. यंत्रणा विकणाऱ्या एजन्सीला पुण्यात फोन केला तर "तुमचा भाग कर्नाटकात येतो, तो आमच्याकडे नाही." बेंगळुरूच्या ऑफिसनं सांगितलं, तुमचं कंत्राट पुण्याचं. सीमेवर राहणाऱ्या माणसाला हे ऐकायची सवय असते, तरी प्रत्येक वेळी लागतंच. शेवटी एकजण आला. "मॅडम, जरा बाजूला व्हा," म्हणाला, माझी खुर्ची घेतली आणि माझ्याकडं पाठ करून चार मिनिटं काहीतरी टाइप केलं. काय केलं विचारलं तर म्हणाला, "तुम्हाला नाही कळायचं, व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे गावात." पासवर्ड बदलून गेला, नवा सांगितला नाही. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या केंद्रात तेच. मी बीसीए केलंय बेळगावला राहून. त्या चार मिनिटांत मला पुन्हा चुलीपुढं बसवल्यासारखं वाटलं.

मग रडत-रडत तुम्हाला लिहिलं, तेही मोडक्या इंग्रजीत. तासाभरात मराठीत उत्तर, "ताई, निपाणीकडच्या काय? फोन नंबर द्या."

फोनवर तुमचा पहिलाच प्रश्न होता, हा ४५००० कुठून आणला? मी म्हटलं, लक्षात राहायला सोपा म्हणून. तुम्ही हसला नाहीत. सांगितलंत की बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कनेक्शनला लिनक्स, म्हणजे त्या संगणकाची मूळ यंत्रणा, आपल्या बाजूनं एक तात्पुरता पोर्ट देतं, आणि मुळात ते ३२७६८ ते ६०९९९ यांच्यामधून देतं. माझा ४५००० नेमका त्या रानात. पहाटे रेंज नसते, पाठवणारा प्रोग्रॅम दर दोन-तीन सेकंदांनी नवं कनेक्शन करून बघत राहतो, आणि एखाद्या दिवशी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यालाच ४५००० देऊन टाकतं. मग हिशेबाचा प्रोग्रॅम उठतो तर त्याच्या जागेवर घरातलंच दुसरं कुणी बसलेलं. १४ केंद्रं, दिवसाला दोन वेळा. कधी या गावात, कधी त्या गावात होणारच होतं. व्होल्टेजचा काडीचा संबंध नव्हता.

नंबर बदलला की तेवढं भागत होतं. तिथंच थांबला असतात तरी मी जन्मभर नाव काढलं असतं. पण तुम्ही विचारलंत, "त्या संगणकावर आणखी काय काय चालतं?" हे मला आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, रिचार्ज, वीजबिलं, ऑपरेटरच्या मुलाचे गेम. तुम्ही म्हणालात, "म्हणजे त्यातल्या कुठल्याही प्रोग्रॅमनं त्या पोर्टवर दार ठोठावलं, तर दराचा तक्ता बदलून मिळेल?" मिळाला असता, दादा. लोक फॅटच्या एका पॉइंटवर दोन-दोन पिढ्या भांडतात, आणि मी तक्ता असा उघड्या ओट्यावर ठेवला होता.

पुढचे तीन आठवडे तुम्ही लायब्ररीत काय उलथापालथ केलीत ती मला नंतर वाचून कळली. सगळीकडे होस्ट (मशीनचा पत्ता) आणि पोर्ट गृहीत धरलेले होते, ते सोडवून काढावे लागले. मग टीसीपीच्या शेजारी युनिक्स डोमेन सॉकेटची वाट तयार झाली. एकाच मशीनवरच्या प्रोग्रॅमांनी बोलायचं, पत्ता म्हणजे नंबर न राहता फाईलसारखं एक नाव, आणि त्या नावाला फाईलसारख्याच परवानग्या. गटात नसलेल्याला कर्नल दारातूनच परत पाठवतं. शिवाय आत आलेला कुठल्या युजरचा, कुठला प्रोसेस, हे कर्नलच सांगतं. येणाऱ्याच्या शब्दावर विसंबायला नको. युनिक्स डोमेन सॉकेट १९८३ च्या ४.२ बीएसडी या जुन्या युनिक्सपासूनचं आहे हे ऐकून मी थक्कच झाले. माझ्या जन्माच्या आधीपासून दार तयार होतं. वेग वाढतो म्हणतात, टीसीपीचा सगळा सोपस्कार वाचतो म्हणून. माझ्या स्लिपेला त्याचं काही नाही. मला ती परवानगी हवी होती.

आणि मग त्या रविवारी तुम्ही मोटारसायकलवरून आलात. बेळगावहून सुमारे ७५ किलोमीटर, तवंदी घाट अंधारात उतरून, काटा सुरू व्हायच्या आत दारात हजर. आल्या आल्या संगणकाला हात लावला नाहीत. पूर्ण संकलन होईपर्यंत कोपऱ्यात कॅनवर बसून बघत राहिलात. कोण कन्नड बोलतं, कोण मराठी, कुणाला स्लिप वाचून दाखवावी लागते, सगळं.

नंतरचं मला रोज आठवतं. तुम्ही मला भिंतीतली पिन काढायला लावलीत. परत लावली, तर हिशेबाचा प्रोग्रॅम उठेना. माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही शांतपणे दाखवलंत, लाइट गेली तेव्हा प्रोग्रॅम मेला पण सॉकेटचं नाव मी डेटाच्या फोल्डरात ठेवल्यामुळं डिस्कवर तसंच राहिलं, आणि त्या नावावर नव्याला बसता येईना. "हे राहिलंय अजून," म्हणालात. मला वाटलं आता तुम्ही लिहाल आणि मी बघत बसेन.

तुम्ही कीबोर्ड उचललात, त्याच्या तारेत अडकलेली स्लिपेची गुंडाळी सोडवलीत, आणि तो माझ्यापुढं सरकवलात. "हे तुम्ही लिहा, ताई. उद्या तुम्हालाच सांभाळायचंय." आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून बसलात.

मी लिहिलं, सुरू होताना जुनं नाव पुसून टाक. तुम्ही एवढंच विचारलंत, "आत माणूस असला तर?" मला कळेना. माझी बोटं थांबली, दुधाच्या हातांनी चिकट झालेली की दबत नव्हती, मी दोनदा चुकीचं पुसलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. तुमचे हात गुडघ्यांवरच. एकदाही पुढं आले नाहीत. सुस्कारा नाही, घड्याळ नाही. मग माझं मलाच उमगलं. आधी हाक मारून बघायची. ओ आली तर घरात माणूस आहे, आपण मागं फिरायचं. ओ आलीच नाही तर घर ओस आहे, नाव पुसून आपण राहायला जायचं. जोडून बघ, नकार आला तरच पूस, मग बस. सगळ्या मिळून सहा ओळी. पिन काढली, लावली. उठला. तुम्ही म्हणालात, "परत." अकरा वेळा काढली मी ती पिन.

त्या सहा ओळी आता लायब्ररीत आहेत आणि कुठल्या कुठल्या देशांतल्या मशीनवर चालत असतील. पण मला त्यापेक्षा ते गुडघ्यांवरचे हात मोठे वाटतात. येत असलेलं काम दुसऱ्याला करू देणं आणि तोवर गप्प बसणं, याला किती मन लागतं! अशी माणसं आमच्या भागात आहेत, म्हणून आम्ही तग धरून आहोत. निपाणी स्टँडवर कन्नड पाटी वाचता न येणाऱ्या म्हातारीला हाताला धरून कागलच्या गाडीत बसवणारा मुलगा, स्वतः कन्नड शाळेत शिकून शेजाऱ्याचा मराठी सातबारा अक्षर लावत वाचून देणारा आमचा ऑपरेटर. यांची नावं कुठं छापून येत नाहीत.

पैशांचं विचारलं तर तुम्ही गाडीला किक मारलीत. जाताना फक्त त्या सकाळची एक स्लिप मागून घेतलीत.

एक सांगायचं राहिलं. सॉकेटच्या नावाला लिनक्सवर १०८ बाइटची (बाइट म्हणजे संगणकाच्या साठवणीचं छोटं माप) मर्यादा, हे तुम्ही जपमाळेच्या मण्यांवर लक्षात ठेवायला सांगितलं होतं. मी फोल्डरांची नावं हौसेनं देवनागरीत ठेवलेली, आणि 'निपाणी' एवढ्याच शब्दाला १८ बाइट लागतात. दोन केंद्रांत नाव मावलं नाही, पण तुमच्या लायब्ररीनं मुकाट्यानं तोडलं नाही, लांबी सांगून स्पष्ट नकार दिला. तो वाचता वाचता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तुम्ही नेलेल्या स्लिपेवर कन्नड 'बेळिग्गे'चं, म्हणजे 'सकाळ'चं, शेवटचं अक्षर अर्धवट छापलेलं होतं, तुम्ही जाताना त्यावर बोट ठेवलं होतंत, आठवतंय? माझाच प्रोग्रॅम ओळ बाइट मोजून कापत होता. आता अक्षरं मोजून कापतो. आज्जींची कालची स्लिप सोबत पाठवतेय, त्यांना विचारून. मंगळवार, सकाळ, २.४ लिटर. कन्नड शब्द पूर्ण आहे, बघा.

तुमची,
निपाणीची ताई